घंटीच्या बटणाची गिटार

प्रफुलने मोबाइल तूरडाळीच्या डब्याला टेकवून उभा केला आणि दोन्ही हातांनी गिटार उचलून त्याच्यासमोर धरली. पलीकडून पुण्याचा रजत एकेक सूचना देत होता.

“थोडी खाली घ्या. आता मान दाखवा. हां. आता पाठ.”

गिटार चांगलीच जड होती आणि प्रफुलला असल्या कसरतीची सवय नव्हती. त्याच्या कपाळावर घाम आला. त्याचे वडील बंडूजी खाटेवर मांडी घालून बसले होते आणि शेजारच्यांच्या घरी मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम चालला असावा तसे लांबून बघत होते. वास्तविक गिटार त्यांची होती. त्यांच्या बायकोने, अनुसयाबाईंनी, मात्र मान वर केलेली नव्हती. त्या जमिनीवर वर्तमानपत्र पसरून सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी निवडत होत्या.

हे सगळं आचलमुळे सुरू झालं. प्रफुलची ही मुलगी दिवाळीत बोरगाव मेघेहून आजी-आजोबांकडे नाचणगावला आली होती. कपाट झाडताना तिला वर ठेवलेली गिटार दिसली, आणि हल्लीच्या मुली जे करतात ते तिने केलं. फोटो काढून मोबाइलवर टाकून दिला. त्या फोटोला पोरींनी बदाम पाठवले, आणि रजतने थेट फोन केला. जुन्या विजेच्या गिटारी जमवणं हा त्याचा छंद होता. नुसता छंद म्हणणंही बरोबर नाही, कारण फोटो बघितल्यापासून त्याला झोप नव्हती असं तो स्वतःच म्हणाला होता.

“चार पिकअप आहेत ना? तारांखालचे ते चार चपटे डबे? वरची बटणं मोजा बरं. आणि ती दांडी हलते का अजून?”

“हलते,” प्रफुल म्हणाला. दांडी दाबली की तारा सैल पडत आणि सूर लाटेसारखा खालीवर होई, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. लहानपणी त्या दांडीला हात लावल्याबद्दल त्याने मारही खाल्लेला होता.

“आणि पुढची ती स्टीलची प्लेट... थांबा. थांबा जरा. जवळ आणा.”

तारांच्या खाली, जिथे वाजवणाऱ्याचा हात फिरतो तिथे, लाकडावर एक स्टीलची पातळ प्लेट बसवलेली होती. तिच्यावर बारीक उभे पट्टे होते, एक चकचकीत, एक मळका, असे शेवटपर्यंत.

“एक ओरखडा नाही हो,” रजत म्हणाला. आवाज एकदम हळू झाला होता. “काका, ऐकताय ना? बाकी सगळं मला करून घेता येतं. रंग काढता येतो, भोकं बुजवता येतात, पिकअप मिळवता येतात. ही प्लेट मिळत नाही. ही बनली त्या जपानमधल्या माणसांनाही विचारून झालंय. ही अशी नसती तर मी पुण्याहून यायचा विचारच केला नसता, खरं सांगतो.”

अनुसयाबाईंनी एक पिवळी काडी बाजूला टाकली.

“तुमच्याकडे आली कशी ही?” रजतने विचारलं.

“मिलट्रीच्या डेपोतल्या एका सायबाची बदली झालती,” बंडूजी खाटेवरूनच बोलले. “तो सामान इकून राह्यला होता. घेतली.”

‘घेतली’ हा शब्द त्यांनी फार घाईत उरकला. अनुसयाबाईंचा हात जुडीवर थोडा वेळ तसाच राहिला, मग पुन्हा चालू झाला.

रविवारी यायचं ठरलं. रजत सकाळी वर्ध्याला उतरणार, प्रफुल त्याला गाडीत घालून आणणार, आणि संध्याकाळच्या गाडीने गिटार पुण्याला जाणार. फोन बंद करून प्रफुलने वडिलांकडे पाहिलं.

“बाबा, पक्कं न? नंतर नाई म्हनसान त माहं नाक कापल्या जाईन.”

“हाव. पक्कं.”

“तुमी वाजवत त नाईच आता. वर पडून पडून कसर लागन तिले. त्याच्याकडं काचेत राहीन.”

“पक्कं म्हटलं न एकडाव.”

प्रफुल चूक बोलत नव्हता, आणि तेच बंडूजींना जड जात होतं. त्यांच्या बोटांची पेरं सांधेवाताने गाठीसारखी सुजली होती. ‘रंगबहार ऑर्केस्ट्रा’ बंद पडून जमाना झाला. एके काळी दिवसभर मिलमधली नोकरी करून बंडूजी संध्याकाळी ऑर्केस्ट्राच्या टेम्पोत चढत, आणि आर्वी, देवळी, हिंगणघाट, कुठल्या गावच्या दुर्गोत्सवाला ते वाजवून आले नव्हते हे शोधावं लागलं असतं. मग डीजे आले. लोकांना भिंती हादरवणारा आवाज हवासा झाला आणि स्टेजवर माणसं कशाला, असं वाटायला लागलं. गिटार कपाटावर गेली. त्याबद्दल बंडूजींनी कधी कुरकुर केली नाही. पण कपाटावर असणं आणि घरात नसणं यांत फरक आहे, हे त्यांना ‘पक्कं’ म्हटल्यानंतर कळलं. आता शब्द गेला होता. आणि बंडूजी काळबांडे दिलेला शब्द फिरवणारे नव्हते, हा त्यांचा गुण म्हणा की खोड.

त्यांना सगळ्यात जास्त कशाने टोचलं, तर ‘ओरिजिनल’ या शब्दाने. फोन ठेवण्याआधी रजत मोठ्या आनंदाने म्हणाला होता की, कारखान्यातून निघाली त्या दिवशी ही जशी होती तशी मी पुन्हा करणार. तो आदरानेच बोलत होता. पण बंडूजी त्या रात्री अंथरुणावर पडून गिटारीतून एकेक गोष्ट काढून पाहू लागले. तिसरा पिकअप आर्वीच्या कार्यक्रमात करंट वरखाली होऊन जळाला होता. पुलगावात पंखे भरून देणाऱ्या श्रावणने त्याच्यावर पंख्याचीच तार गुंडाळून दिली, आणि त्यातून जो जाडसर, किंचित घोगरा आवाज निघाला तो ऐकायला लोक पुढच्या सतरंजीवर येऊन बसायला लागले. तो निघणार. एक खुंटी मँडोलिनची होती आणि उलटी फिरायची. तीही निघणार. आवाजाचं बटण एका मोडक्या रेडिओचं. अंगावरचा लाल ऑइलपेंट तर ऑर्केस्ट्राने लाल कोट शिवले तेव्हाचा, अंगणात बसून स्वतःच्या हाताने मारलेला. हे सगळं काढल्यावर जे उरेल ते नवंकोरं असेल. बंडूजींनी तिला कधी हात लावलाच नाही, असं ते दिसेल.

आणि घंटीचं बटण.

त्याची गंमत अशी. ऑर्केस्ट्रात गजेंद्र नावाचा निवेदक होता. पांढरे बूट, खिशात रुमाल, आणि दोन गाण्यांच्या मध्ये शेरोशायरी. त्याची शायरी रंगात आली की बंडूजींची गिटार स्पीकरमधून भुंग्यासारखी घूं घूं करायची. वाजवत नसली तरी करायची. गजेंद्र चिडायचा. एकदा स्टेजच्या मागे त्याने जाहीर केलं की, एक तर हा भुंगा राहील नाहीतर मी. दुसऱ्या दिवशी बंडूजींनी विजेच्या सामानाच्या दुकानातून दाराच्या घंटीचं एक पांढरं बटण आणलं, गिटारीला भोक पाडलं आणि उजव्या हाताच्या करंगळीखाली येईल असं ते बसवून टाकलं. दाबून धरलं की आवाज ठार बंद. सोडलं की पुन्हा चालू. तेव्हापासून गजेंद्रने माइक हातात घेतला की बंडूजींची करंगळी बटणावर जाई, आणि त्याचं निवेदन लांबलं की ती ठणकायला लागे.

अनुसयाबाईंनी तेव्हा ते बटण पाहून म्हटलं होतं, “मायासाठी काऊन नाई दाबत हे? मी घरी बोलून राह्यली त तुमची चालूच असते.”

बंडूजी तेव्हा खो खो हसले होते आणि वाजवत राहिले होते.

शनिवारी दुपारी अनुसयाबाईंनी पदर खोचला आणि कपाटाजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

“गिटारीच्या बॅगची चैन तुटेल हाय,” त्या म्हणाल्या. “पोरगा रेल्वेनं नेऊन राह्यला. अर्ध्या वाटंत बाहेर पडली त? पुलगावले जाऊन बसवून आणतो.”

“बॅग ने मंग. गिटार कायले नेतं?”

“माप नाई लागत का चैनीले?”

चेनीला गिटारीचं माप कशाला लागतं हे बंडूजींना समजलं नाही. पण गिटारीवरून वाद घालायची त्यांना ताकदही उरली नव्हती. त्यांनी ती खाली उतरवून बॅगेत घातली, बॅगेचं तोंड सुतळीने बांधलं आणि बायकोला ऑटोत बसवून दिलं. अनुसयाबाई मांडीवर गिटार आडवी घेऊन ऑटोच्या दोन्ही बाजूंना तिची टोकं काढून गेल्या, आणि दिवे लागायच्या आत परत आल्या. चेन नवी होती. ओढली की एका दमात सरकत होती.

“पाहून घ्या,” त्या म्हणाल्या.

“पाह्यली,” बंडूजी म्हणाले आणि बॅग न उघडता भिंतीशी उभी करून ठेवली. उघडली असती तर वाजवावीशी वाटली असती, आणि बोटं चालली नसती. त्यांनी मनातल्या मनात निरोप घेऊन टाकलेला होता. दोनदा कोण घेणार?

रविवारी रजत आला. तिशीतला, चष्मेवाला, पाठीवर सॅक आणि हातात वर्ध्याहून घेतलेला गोरसपाक बिस्किटांचा पुडा. त्याने आल्याआल्या दोघांच्या पाया पडून बंडूजींची आणखीच पंचाईत केली. माणूस तुसडा निघाला असता तर निदान राग तरी धरता आला असता. त्याने तर्रीपोहे दोनदा मागून घेतले, डोळ्यांतून पाणी काढत खाल्ले आणि काकू, असं पुण्यात मिळत नाही, असं म्हणाला. प्रफुलने कोपऱ्यातला जुना अँप्लिफायर पुसून लावून ठेवला होता. तो चालू होताच बारीक गुणगुणायला लागला.

“उघडू?” रजतने विचारलं.

बंडूजींनी मान हलवली. रजतने बॅग सतरंजीवर आडवी ठेवली आणि नवी चेन सर्रकन ओढली. आधी त्याने मान बाहेर काढली, मग मँडोलिनची खुंटी फिरवून पाहिली आणि हसला.

“ही उलटी फिरते!”

“हाव. सवय लागते.”

“आणि हे काय आहे? हे बटण?”

बंडूजींनी गजेंद्रची गोष्ट सांगितली. सांगताना त्यांना थोडं बरं वाटलं, कारण रजत मनापासून हसत होता. मग त्याने गिटार पूर्ण बाहेर काढली, मांडीवर घेतली, आणि त्याचं हसू जागच्या जागी थांबलं.

स्टीलच्या प्लेटवर, चकचकीत आणि मळक्या पट्ट्यांच्या आरपार, टिंबाटिंबांनी कोरलेली ठसठशीत अक्षरं होती. सौ. अनुसया बंडूजी काळबांडे, नाचणगाव. लग्नाकार्यात द्यायच्या ताटावर, तांब्यावर नाव टाकतात अगदी तसं. आणि भांड्याच्या दुकानदाराने सवयीने शेवटी एक पाच पाकळ्यांचं फूलही काढून दिलं होतं.

अँप्लिफायर गुणगुणत राहिला. रजतने अक्षरांवरून बोट फिरवलं, मग नख लावून पाहिलं. नख अडकलं.

“माय!” प्रफुल ओरडला. “हे काय केलं व तू?”

“काय केलं?” अनुसयाबाई स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभ्या होत्या. “नाव टाकलं. वस्तू घराबाहेर जाऊन राह्यली न? घराबाहेर जाणाऱ्या भांड्यावर नाव टाका लागते. नाई त पंगतीतून कोणाच्या घरी जाते ते समजत नाई.”

“ते भांडं हाय का?”

“स्टीलचंच त हाय.”

“अवं पण इकून राह्यलो आपण ते! परत नाई येणार ते!”

“तरी,” अनुसयाबाई म्हणाल्या. “नाव असलेलं बरं.”

प्रफुलने कपाळावर हात मारून घेतला. रजतकडे बघायची त्याला शरम वाटत होती. “घासून निंगन का हो हे?” त्याने विचारलं. “पॉलिश करून?”

“अक्षरं निघतील,” रजत म्हणाला. “पट्टेही निघतील त्याच्याबरोबर.” त्याने चष्मा काढून पुसला. चिडला नव्हता तो, पण चेहरा पार उतरला होता. गिटार त्याने मांडीवर तशीच ठेवली, अँप्लिफायरची वायर तिला लावली आणि एक-दोन तारा छेडल्या. पंख्याच्या तारेचा तो घोगरा सूर खोलीत घुमला आणि त्याने नकळत मान हलवली. “आवाज काय आहे हो हिचा,” तो म्हणाला. मग परत प्लेटकडे पाहिलं.

“काका, रागावू नका,” तो म्हणाला. “पण मी आता ही नेऊन काय करू? माझ्याकडे जाऊन ही पुन्हा पहिल्यासारखी होणारच नाही. आणि...” त्याने अक्षरांकडे पाहिलं. “नाव घातलेली वस्तू कशी नेऊ?”

“कायचा राग,” बंडूजी म्हणाले. त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा आवाज मोठा निघाला. “तुमची चक्कर फुकट गेली, त्याचंच वाईट वाटते. मी शब्द देल्लता.”

“शब्द तुम्ही कुठे मोडलात? मीच नेत नाही.”

हे ऐकलं आणि बंडूजींच्या छातीवरून काहीतरी उठून निघून गेलं. अनेक दिवस ते तिथे बसलेलं होतं, एवढं जड होतं, हे ते गेल्यावरच कळलं. त्यांना हसू यायला लागलं. पाहुण्यासमोर, आणि तेही निराश झालेल्या पाहुण्यासमोर, हसणं बरं दिसणार नाही म्हणून ते उठून मोरीत गेले आणि उगाचच चूळ भरून आले. परत आले तरी मिशीत हसू होतंच. मग बायकोवर ओरडणं त्यांना भागच होतं.

“काई समजते का तुले?” ते ओरडले. “विचारून त कराचं!”

“चुकलं मायं,” अनुसयाबाई म्हणाल्या, आणि जेवायची पानं घ्यायला आत गेल्या. चुकलेल्या माणसाच्या मानाने त्यांची चाल भलतीच हलकी होती.

जेवायला पाटोडीचा रस्सा होता. रजत आधी नको नको म्हणत होता, मग जेवला, आणि जेवता जेवता त्याचा चेहरा थोडा थोडा परत आला. निघताना त्याने विचारलं की निदान फोटो काढू का. त्याने मँडोलिनच्या खुंटीचा काढला, रेडिओच्या बटणाचा काढला, घंटीच्या बटणाचा काढला. सगळ्यात शेवटी गुडघ्यावर बसून प्लेटचा काढला, फुलासकट.

“अशी दुसरी कोणाकडेच नाही, एवढं नक्की,” तो म्हणाला.

त्याला गाडीवर सोडायला प्रफुल गेला. फाटकापर्यंत जाईस्तोवर तो आईबद्दल माफी मागत होता आणि रजत त्याला समजावत होता.

घरात बंडूजी सतरंजीवर येऊन बसले. गिटार तिथेच होती. अँप्लिफायर बंद करायचं कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. त्यांनी गिटार मांडीवर ओढली आणि नाव वाचलं. मग पुन्हा वाचलं. ‘अनुसया’मधला ‘या’ पट्ट्यावरून जरा घसरला होता. फूल मात्र झकास होतं.

त्यांनी गिटार उचलून नीट धरली. बोटं पाहिजे तिथे पोचत नव्हती, एखादं बोट तर नुसतं तारेवर जाऊन पडत होतं. पण एक जुनी चाल होती, कार्यक्रम सुरू होण्याआधी पडदा बंद असताना वाजवायची, लोकांना जागेवर बसवायला. ती बोटांना अजून आठवत होती. ती अडखळत निघाली. खोली त्या घोगऱ्या आवाजाने भरून गेली, कपाटावरचे डबे थरथरले, आणि बंडूजींना स्वतःचीच लाज वाटेपर्यंत आनंद झाला. आपण वाईट वाजवतोय हे त्यांना कळत होतं. त्याचं काही वाटत नव्हतं.

अनुसयाबाई ताटं उचलायला बाहेर आल्या.

“मोठी शहाणी हायेस,” बंडूजी वाजवत वाजवतच मोठ्याने म्हणाले. “प्लेटचं त्यानं फोनवर सांगितलं ते ऐकलं होतं न तू?”

“मले काय समजते त्यातलं,” अनुसयाबाई म्हणाल्या. ताटांवर ताटं रचत त्यांनी पुढेही काहीतरी म्हटलं. त्यांचे ओठ हलताना दिसले, शब्द गिटारीत बुडून गेले. उत्तराची वाट न बघता त्या ताटं घेऊन वळल्या. या घरात असंच बोलायची त्यांना सवय होती.

बंडूजींची करंगळी बटणावर गेली.

एकदम शांत झालं. गिटारही थांबली आणि स्पीकरची घूं घूंही. बाहेर अंगणात कोंबडी कुरकुरत होती तेवढं ऐकू आलं. अनुसयाबाई दचकून मागे वळल्या.

“काय झालं? लाइन गेली का?”

“नाई. तू काय म्हटलं ते नाई समजलं.”

“काई नाई. वाजवा तुमी.”

“बोल न.”

त्यांनी ताटं खाली ठेवली. बटणावरच्या करंगळीकडे पाहिलं. ते बटण त्यांनी इतकी वर्षं पाहिलं होतं, पण दाबलेलं बहुधा पहिल्यांदाच पाहत होत्या.

“हे आणली तवा मायं पान्याचं पितळेचं गुंड आन परात गेलती,” त्या म्हणाल्या. “मायाच बापानं देल्लेली. नाव टाकून.”

“हाव,” बंडूजी हळूच म्हणाले.

“मोडीवाल्यानं नाव वाचून दाखोलं मले. ‘अनुसया कोन?’ म्हणे. मी म्हटलं, मीच. मंग त्यानं टाकली तराजूत. तरी मले काई वाटलं नाई तवा. खरंच नाई वाटलं. तुमी आधी विचारलं होतं न मले. नेऊ का, म्हणून. मी हाव म्हटलं होतं.”

बंडूजींनी प्लेटवरचं नाव पुन्हा पाहिलं.

“आता द्याच्या वेळी प्रफुलनं तुमाले विचारलं. त्या पोरानं तुमाले विचारलं.” अनुसयाबाईंनी पदराने ताटाची कड पुसली. ती स्वच्छच होती. “मले कोणीच नाई विचारलं.”

बंडूजींची करंगळी ठणकायला लागली होती. पेर सुजलेलं, त्यात बटणाची स्प्रिंग जुनी आणि ताठ. गजेंद्रच्या लांबलेल्या निवेदनातही ती अशी दुखली नव्हती. त्यांनी ती काढली नाही.

“बस इथं,” ते म्हणाले. “आनखी काय राह्यलं ते सांग.”